सल्ला देण्यास सक्त मनाई आहे

बारावीनंतर मी डी.एड.चा अर्ज भरला होता. त्या काळी आमच्या तालुक्यात बारावी झालेलं प्रत्येक पोरगं डी.एड.चा अर्ज भरायचं. ज्याचा नंबर लागला त्याच्या घरी पेढे यायचे, ज्याचा लागला नाही त्याच्या घरी 'आता काय?' यायचं. आमच्या घरी 'आता काय?' आलं आणि दोन आठवडे मुक्काम ठोकून राहिलं. तिसऱ्या आठवड्यात वडिलांच्या कचेरीतल्या एका बाबूंनी सांगितलं, की जिल्ह्याला बी.एस.डब्ल्यू. म्हणून काहीतरी निघालंय; तीन वर्षांचं आहे, फी परवडते आणि त्यात गणित नाही. या शेवटच्या गुणावर माझा प्रवेश झाला. (दुसऱ्या वर्षी 'सामाजिक संशोधन' नावाच्या विषयात मध्य, मध्यक आणि बहुलक दबा धरून बसलेले होते, हे बाबूंनाही ठाऊक नसावं.)

साल 2004. घरात कुणालाच बी.एस.डब्ल्यू. म्हणजे काय ते कळलं नव्हतं. वडील पाहुण्यांना 'बी.एस्सी.सारखंच असते' असं सांगायचे. आजीला वाटलं, मी संन्यास घेतोय. मामा मात्र मुद्द्याचं बोलले. "समाजसेवेले डिग्री? आमच्या वॉर्डात अकरा समाजसेवक आहेत. चौकात फोटो लागते त्यायचे. एकानं तरी कॉलेजचं तोंड पाह्यलं काय?" याला उत्तर नव्हतं. पुढे तीन वर्षं शिकूनही ते सापडलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, "तू इथे का आलास?" चाळीस पोरांनी ओळीनं 'समाजाची सेवा करण्यासाठी' असं सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा घशाला कोरड पडली आणि तोंडातून खरं निघून गेलं, "डी.एड.ला नंबर नाही लागला सर." वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "आजची ही पहिली विश्वसनीय माहिती." मग त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'समाजसेवा' आणि 'समाजकार्य', मध्ये उभी रेघ मारली आणि सांगितलं की रेघेच्या डावीकडे कुणीही जाऊ शकतो, त्याला मन लागतं, उजवीकडे जायला शिक्षण लागतं. आणि त्या शिक्षणाचा पहिला नियम असा, की लोकांना सल्ला द्यायचा नाही.

मी बाकावरच बसून राहिलो. सल्ला द्यायचा नाही? आपल्याकडे एसटीत एखाद्याला ठसका लागला तर पुढचा गाव यायच्या आत त्याला तीन औषधं सांगितली जातात, आणि त्यातलं एक कंडक्टर सांगतो. पाहुणा चप्पल काढायच्या आधी 'मुलीचं अजून जमवलं नाही का' विचारतो आणि पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता दोन स्थळं सांगतो. सल्ला हा आपल्याकडे आदरातिथ्याचा भाग आहे. तोच काढून घेतल्यावर माणसानं माणसाशी बोलायचं तरी काय?

तर, पुस्तकाप्रमाणे, काही बोलायचं नसतंच. ऐकायचं असतं. हे तत्त्व फेलिक्स बिस्टेक नावाच्या शिकागोच्या एका जेझुइट पाद्रीबाबांनी 1957 साली लिहून ठेवलं. त्यांनी सात तत्त्वं सांगितली. समोरच्याचा स्वीकार करा, त्याची गुपितं पोटात ठेवा, त्याचा न्यायनिवाडा करू नका, त्याचा निर्णय त्यालाच घेऊ द्या, अशी ती. यांतलं प्रत्येक तत्त्व आमच्या गल्लीच्या घटनेच्या विरुद्ध होतं. गुप्ततेचंच घ्या. आमच्याकडे 'कुणाले सांगू नको' हे वाक्य बातमीच्या सुरुवातीला येतं; ते आलं की ऐकणारा चप्पल शोधू लागतो.

पुस्तकांची मराठी हा आणखी एक स्वतंत्र प्रांत. दुकानदाराचा गिऱ्हाईक, वकिलाचा अशील, डॉक्टरचा पेशंट. तसा आमचा कोण? तर 'सेवार्थी'. हा शब्द ऐकून कुणाच्याही डोळ्यांसमोर पंढरपूरची रांग उभी राहते. हेलन पर्लमन या बाईंनी सांगितलेले 'चार पी' आम्हाला पाठ करायचे होते. इंग्रजीत व्यक्ती, समस्या, ठिकाण आणि प्रक्रिया हे चारही शब्द पी अक्षरानं सुरू होतात, म्हणून ते चार पी. मराठीत आल्यावर त्यांतला एकच 'प' शिल्लक राहिला. तरी परीक्षेत 'चार पी स्पष्ट करा' असाच प्रश्न यायचा आणि आम्ही व्यक्ती, समस्या, स्थान, प्रक्रिया असं बिनदिक्कत स्पष्ट करायचो. त्याखालोखाल लाडका प्रश्न म्हणजे सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरक. दुसऱ्याचा पाय मोडल्यावर 'अरेरे' म्हणणं ही सहानुभूती, आणि त्याच्या पायात पाय घालून पाहणं ही समानुभूती. दुसरीकडे पायात पाय घालणं याचा अर्थ वेगळा होतो, हे मी उत्तरात लिहिलं होतं. दहापैकी तीन मिळाले.

इतिहासाच्या पेपरात लंडन फार. 1869 साली तिथे दानधर्म नीट शिस्तीत व्हावा म्हणून एक सोसायटी निघाली. गरीब खरा की खोटा याची घरी जाऊन चौकशी केल्याशिवाय ती कवडी द्यायची नाही. 1884 मध्ये टॉयन्बी हॉल निघाला. तिथे शिकलेली पोरं गरिबांच्या वस्तीत राहायलाच गेली. 1917 साली अमेरिकेत मेरी रिचमंडबाईंनी माणसाच्या अडचणीचं निदान कसं करावं यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याकडे हे शास्त्र मुंबईच्या नागपाड्यातून आलं. क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिथे वस्तीत केंद्र चालवत होते. 1936 मध्ये सर दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्याची पहिली शाळा निघाली आणि हे तिचे पहिले संचालक झाले. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. हे सगळं मी पाठ केलं, लिहिलं, पास झालो.

पण खरी गंमत गुणपत्रिकेवर होती. मी प्रवेश घेतला तेव्हा विद्यापीठाचं नाव 'अमरावती विद्यापीठ' होतं. 2005 साली ते 'संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ' झालं. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यात शाळेची पायरी चढली नाही, हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि त्याच गावांत रात्री कीर्तनं केली, त्याच्या नावाचा शिक्का मारून आम्हाला समाजकार्याची पदवी मिळणार होती. आमच्या सरांना ही फार मोठी सोय वाटायची. ते म्हणायचे, बाबांचं कीर्तन आठवा. बाबा लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच वदवून घ्यायचे. बिस्टेकनं लिहिलं त्याच्या किती आधी! मी विचारलं, "पण सर, बाबा तर सल्लाही देत. कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका..." सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांना रिपोर्ट लिहायचा नव्हता."

रिपोर्ट! बी.एस.डब्ल्यू.चा आत्मा पुस्तकात नाही, क्षेत्रकार्यात आहे, असं सगळे सांगतात. ते खोटं आहे. तो क्षेत्रकार्याच्या रिपोर्टात आहे. आठवड्यातले दोन दिवस वस्तीत जायचं, तास भरायचे, संस्थेतल्या माणसाची सही आणायची आणि रात्री बसून दिवसभरात काय घडलं ते लिहायचं. घडलं असेल तर सोपं असतं. पावसानं वस्तीत चिटपाखरू भेटलं नाही तरी पानं तीनच लागायची. मग 'वस्तीत पाऊस असल्याने नागरिक घरात होते. यावरून वस्तीचा पावसाकडे पाहण्याचा दृष्टिकोन लक्षात आला' अशी वाक्यं जन्माला यायची. सोमवारी मॅडम तो रिपोर्ट तपासायच्या. समासात लाल शाईनं 'भावना?' असं लिहून यायचं. पुढच्या वेळी मी भावना लिहिल्या, तर 'नियंत्रित?' असं आलं.

आमच्या तीन जणांच्या गटाला मिळालेली वस्ती रेल्वेलाइनच्या पलीकडे होती. पहिल्या दिवशी सर्व्हेचे फॉर्म घेऊन निघालो. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला झोळी; मॅडमनी सांगितलेलं की आधी 'रॅपो' करा. रॅपो म्हणजे ओळख, विश्वास, घसट, जे काय असेल ते. या एका शब्दावर समाजकार्याचा अर्धा डोलारा उभा आहे, आणि त्याला मराठी शब्द शोधायची गरज कुणालाच वाटलेली नाही. पहिल्या तीन घरी आम्हाला घरकुलाच्या यादीवाले समजून आत घेतलं आणि तसे नाही हे कळल्यावर बाहेर सोडलं. चौथ्या घरी दारात एक मावशी सुपात तूर पाखडत बसलेल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोनत्या वर्षाचे?"

"पहिल्या," मी म्हणालो.

"म्हनजे सर्व्हे. दुसऱ्या वर्षाचे येते ते ग्रुप घेते, पोट्ट्यायले खेळवते. तिसऱ्याचे केस घेते. बसा. चहा घ्या आधी. चहा घेतल्याबिगर रॅपो होत नाई."

आम्ही बसलो. त्या दिवशी मला कळलं की या वस्तीत आमच्या आधी आठ बॅचेस येऊन गेल्या होत्या आणि मावशी आठही बॅचेसच्या सेवार्थी होत्या. त्यांना अभ्यासक्रम आमच्यापेक्षा चांगला माहीत होता. माझ्या फॉर्ममधले प्रश्न मी विचारायच्या आधी त्या उत्तरं देत होत्या. "लिहा, कुटुंबातले सदस्य सहा. कमावते दोन. संडास नाई. व्यसन, नवरा. पुढचं पान." मग त्यांनी एक तक्रार मांडली. वंशवृक्ष, म्हणजे घरातल्या माणसांचं झाड काढतात ना, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल, आणि जो वारला त्याच्यावर फुली. "माया घराचं झाड पाच जनाईनं काढलं. दोघाईनं माया नवऱ्यावर फुली मारली. तो तं तिकडं बसला हाये." तिकडे बाजेवर त्यांचे यजमान बिडी ओढत बसले होते. त्यांनी हात वर करून आपण हयात असल्याचं सुचवलं.

पुढची तीन वर्षं मी त्या दाराशी जात राहिलो. सर्व्हे झाला, मुलांचा गट झाला (पोरं खेळून झाल्यावर 'आता चॉकलेट?' विचारायची; मागच्या बॅचनं लावलेली सवय), आणि तिसऱ्या वर्षी केस घ्यायची वेळ आली. मावशींनीच केस काढून दिली. शेजारची बाई, नवरा वारून दोन वर्षं झालेली, पन्नाशीच्या आतबाहेर, कमावणारं कुणी नाही. मी वही उघडली, समोर बसलो आणि शिकवल्याप्रमाणे शांत, आश्वासक आवाजात विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय करायला हवं?"

ती बाई मावशींकडे पाहायला लागली. मावशी माझ्याकडे. "तिले वाटत असतं तं तिनं तुले कायले बसवलं असतं?"

"मी सल्ला देऊ शकत नाही मावशी. निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा असतो."

"घेतला तिनं. संजय गांधीचा फॉर्म भराचा हाये. चाल, ऊठ."

संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला काही रुपये मिळतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात जे नव्हतं ते मावशींनी शिकवलं. उत्पन्नाचा दाखला आधी काढायचा, रहिवासी नंतर. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मूळ द्यायचा नाही, झेरॉक्स द्यायची, मूळ दाखवायचं आणि लगेच पदराला बांधायचं. तहसील कचेरीत बाराला जायचं नाही, कारण बाबू जेवायला उठतात, अकराला गेलं तर ते आलेले नसतात, साडेअकराला जायचं. बाबूला 'साहेब' म्हणायचं, पण साहेबाला 'साहेब' म्हणून उपयोग नाही, तो फॉर्म पाहतच नाही. आठ चकरा झाल्या. सातव्या चकरेला मी खिडकीशी तावातावानं बोललो, तेव्हा मावशींनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "भांडू नोको. आपलं काम हाये, त्याचं नाई." बिस्टेकच्या 'नियंत्रित भावनिक सहभाग' या तत्त्वाचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

पाच महिन्यांनी अर्ज मंजूर झाला. मी रात्रभर बसून बावीस पानांचा रिपोर्ट लिहिला. हस्तक्षेप, संसाधनांचं संघटन, स्वनिर्णयाचा आदर, सगळं घातलं. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ लिहिली, 'या प्रकरणात सेवार्थी नेमका कोण?'

ग्रामीण शिबिराबद्दल फार सांगत नाही. ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी केलं नाही त्यांचा विश्वास बसणार नाही. सात दिवस, एक जिल्हा परिषदेची शाळा, साठ जण आणि दोन्ही वेळा आलू-वांग्याची भाजी. सकाळी गावकरी झोपेत असताना आम्ही 'जागे व्हा' म्हणत प्रभातफेरी काढायचो आणि ते शेतावर गेले की आम्ही झोपायचो. श्रमदानात वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून नाल्यात रचायची. काठावर गावातली बारा-पंधरा मंडळी बसलेली. त्यांतल्या एकानंही पोत्याला हात लावला नाही, पण पोतं कसं धरावं, तोंड कसं शिवावं, कुठे रचावं, याबद्दल सगळ्यांनी मार्गदर्शन केलं. सल्ला द्यायला बंदी असलेले आम्ही साठ जण पोती उचलत होतो आणि बंदी नसलेले काठावर होते. बंधाऱ्यात पाणी साठलं, हे खरं. पण तो त्यांनी सांगितला तिथे घातल्यावर. आम्ही आखलेल्या जागेवर नाही.

एक दिवस मारुतीच्या पारासमोर रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. लोकांनीच आपल्या गावाची माहिती भरायची, असा तो सहभागाचा प्रकार. दोन भावांची तिथेच धुऱ्यावरून जुंपली, कारण आमच्या पोरीनं हिरव्या रांगोळीची रेघ एकाच्या वावरात चार बोटं आत काढली. पोलीस पाटलांना बोलवावं लागलं. शेवटी एक बकरी नकाशावरून चालत गेली आणि वाद मिटला. संध्याकाळी व्यसनमुक्तीचं पथनाट्य होतं. दारुड्याचं काम माझ्याकडे होतं आणि मला वाटतं, बरं झालं होतं. नाटक संपल्यावर गर्दीतून एक गृहस्थ डोलत पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं केलं. पन चालनं चुकलं. पिलेला मानूस जपून चालते." आणि त्यांनी चालून दाखवलं. टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

बाहेर हे असं. घरी त्याहून बिकट. सुट्टीत घरी आलो की आई आणि आत्या यांच्यातला जुना खटला माझ्यापुढे यायचा, आता मी 'शिकलेला' म्हणून. मी दोघींचं ऐकून घ्यायचो, मान हलवायचो, 'म्हणजे तुला असं म्हणायचंय की...' असं म्हणून त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यायचो. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आईनं पोळपाटावरून लाटणं उचललं. "माहं मले परत नोको सांगू. चूक कोनाची, माही का तिची? एवढं सांग."

"आई, आमच्यात न्यायनिवाडा करत नाहीत."

"मंग फी कायची भरली?"

पदवी झाली. पुढे एम.एस.डब्ल्यू. केलं, कारण बी.एस.डब्ल्यू.ला सगळे विचारायचे, 'यानंतर काय?' मधली काही वर्षं संस्थांत गेली. तिथे पगाराला मानधन म्हणतात आणि नोकरी जाण्याला 'प्रकल्प संपला' म्हणतात. 2013 च्या कंपनी कायद्यानं बड्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायला लावले, तेव्हा आम्हाला वाटलं, आपले दिवस आले. आले, पण ते पॉवरपॉइंट येणाऱ्यांचे. आता मी एका सरकारी दवाखान्यात आहे. आपल्याकडे दवाखान्यात समाजकार्यकर्ता नेमायची सुरुवात 1946 साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात झाली, त्या परंपरेचा मी पाईक. आजारपणात माणसाचं घर, पैसा, मन या सगळ्याकडे पाहणं हे माझं काम, असं नियुक्तीपत्रात आहे. वॉर्डात मला 'बिल कमी करणारे साहेब' म्हणतात. मामा अजून 'पण तू करतो काय?' विचारतात. त्यांच्या वॉर्डातले समाजसेवक आता सतरा झालेत.

दर जुलैत माझ्याकडे बी.एस.डब्ल्यू.ची दोन पोरं क्षेत्रकार्याला येतात. त्यांचे रिपोर्ट मी तपासतो. लाल पेन घेतलं आहे. मागच्या महिन्यात एका मुलीनं लिहिलं, 'आज रुग्णाच्या आईने मला डबा दिला. मी काहीच केले नाही.' समासात काय लिहावं हे मला सुचलं नाही. बरोबरची खूण केली.

तर एवढीच विनंती. कधी दुपारी तुमच्या दारात गळ्यात ओळखपत्र आणि हातात फॉर्म घेतलेलं, घामेजलेलं पोरगं उभं राहिलं, तर ते घरकुलाच्या यादीचं नाही, मतदार यादीचं नाही, आणि काही विकायलाही आलेलं नाही. त्याला सल्ला मागू नका, तो देणार नाही. त्याला तशी बंदी आहे. तुम्ही मात्र पोटभर द्या, त्याची सवय असते. पाणी द्या, जमलं तर चहा. तुमच्या यजमानांवर ते फुली मारत नाही ना, तेवढं बघून घ्या. आणि निघताना त्यानं वही पुढे केली की सही करा. वेळ साडेपाच लिहा. त्याचे तास भरायचे असतात.